पुण्यात जर्मन स्वयंपाक करायचा तर श्पेत्सलेपासून सुरुवात करा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांच्या नोकरीमुळे काही वर्षं स्टुटगार्टला होता, आता पुण्यात परत आलात. मुलं तिथल्या जेवणाची आठवण काढतात. घरात अंडी आणि चिकन चालतं, बीफ-पोर्क नाही. श्पेत्सले, म्हणजे अंडं घातलेलं पीठ उकळत्या पाण्यात सोडून केलेले ओबडधोबड नूडल्स, करून पाहिले तर त्यांचा गोळा झाला. आता सुरुवात कशापासून करावी, त्यासाठी खास भांडी लागतात का, आणि ब्रेत्सेल, म्हणजे वळलेले खारे तपकिरी पाव (इंग्रजीत प्रेत्झेल), घरच्या ओव्हनमध्ये होतात का?

मी स्टुटगार्टजवळच राहते, हा स्वयंपाक घरी रोज करते आणि इथल्या मराठी मंडळींना शिकवतेही. बीफ-पोर्क वगळलं की जर्मन स्वयंपाकात काही उरत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण तुम्ही ज्या श्वाबेन भागात राहिलात, तिथलं घरगुती जेवण मुळात कष्टकऱ्यांचं आहे. पीठ, अंडी, मसूर, कोबी, बटाटा आणि शिळा पाव यांवर ते उभं आहे. मांस असायचं ते सणावारी किंवा रविवारी. त्यामुळे तुमच्या घरात यातलं बरंच काही जसंच्या तसं होईल.

एक गोष्ट मात्र आधी सांगते. या जेवणाची चव तीन गोष्टींतून येते: नीट परतलेला कांदा, चांगलं स्टॉक आणि योग्य वेळी घातलेलं व्हिनेगर. फिकं वाटलं की आपला हात मिसळणाच्या डब्याकडे जातो. तो आवरा आणि आधी व्हिनेगर व मीठ पुरेसं आहे का ते बघा. दहापैकी नऊ वेळा कमी तिथेच असतं.

आता श्पेत्सले. इथल्या आज्यांचं प्रमाण सोपं आहे: माणशी शंभर ग्रॅम पीठ, दर शंभर ग्रॅमला एक अंडं आणि वर एक जास्तीचं. चौघांसाठी ४०० ग्रॅम पीठ, ५ अंडी, चमचाभर मीठ आणि साधारण १०० ते १५० मिलिलिटर पाणी. आपल्याकडची अंडी इथल्यापेक्षा लहान असतात, म्हणून पुण्यात सहा घ्या आणि पाणी थोडं कमी करा. पीठ ही खरी मेख आहे. इथे श्पेत्सलेसाठी वेगळं पीठ मिळतं, मैद्यापेक्षा किंचित रवाळ. ते नसलं तर तीन भाग मैदा आणि एक भाग चिरोटी रवा घ्या. नुसत्या मैद्याचे श्पेत्सले होतात, पण जरा बुळबुळीत लागतात. कणीक वापरू नका, कोंड्यामुळे ओढ तुटते.

पाणी एकदम ओतू नका. आधी अंडी आणि निम्मं पाणी घालून लाकडी डावाने पीठ फेटायला लागा. फेटायचं म्हणजे भांडं तिरकं धरून, डाव तळापासून वर आणत, हात भरून येईपर्यंत. दहा मिनिटं तरी लागतात. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं आणि चिवट हवं. डाव उचलला की ते चटकन पडू नये. जड होऊन, लांब ताणत, मग तुटावं. पृष्ठभागावर मोठे बुडबुडे दिसायला लागले की झालं. अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगतो. मग पुन्हा दोन मिनिटं फेटा.

तुमचा गोळा बहुतेक तीन कारणांपैकी एकाने झाला असणार. पीठ सैल होतं, भांडं लहान होतं किंवा सगळं एकदम पाण्यात सोडलं. मोठ्या रुंद पातेल्यात भरपूर खारं पाणी खळखळ उकळू द्या आणि एका वेळी दोन-तीन डावांपुरतंच पीठ सोडा. श्पेत्सले वर तरंगले की अर्धा मिनिट थांबा, झाऱ्याने काढा, कोमट पाण्यात बुडवून लगेच निथळा आणि लोण्याचा हात फिरवा. पाण्यात पडून राहिले की ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात.

भांड्यांचं म्हणाल तर काहीही विकत आणू नका. पारंपरिक पद्धतीत मुठीच्या पातळ लाकडी फळीवर पीठ पसरून तिच्या कडेवरून बारीक पट्ट्या थेट पाण्यात सोडतात. तुमची भाजी चिरायची सपाट फळी आणि सरळ धारेचं उलथनं पुरेसं आहे. पोळपाट त्याच्या पायांमुळे आणि गोल कडेमुळे जमत नाही. दोन्ही साधनं प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे पीठ चिकटत नाही. फळीची सवय होईपर्यंत मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा पातेल्यावर धरा आणि पीठ वरून दाबत पुढे-मागे ओढा. छोटे गोल थेंब पडतात. त्यांना इथे क्नॉप्फ्ले म्हणतात आणि तेही तितकेच अस्सल आहेत. युरोपीय संघाने २०१२ मध्ये श्वाबेनच्या श्पेत्सलेंना भौगोलिक संरक्षण दिलं, त्यात क्नॉप्फ्लेचाही समावेश आहे. सोऱ्यात जाड शेवेची ताटली लावूनही होतात, पण त्यांना फळीवरच्यासारखा ओबडधोबडपणा येत नाही. रस्सा धरून ठेवतो तो ओबडधोबडपणाच.

मुलांना आवडतात ते बहुधा केझेश्पेत्सले, म्हणजे चीजचे. यात कांद्यावर घाई करू नका. तीन मोठे कांदे पातळ उभे चिरून लोण्यात मंद आचेवर अर्धा तास परता, गडद सोनेरी होईपर्यंत. चारशे ग्रॅम पिठाला अडीच-तीनशे ग्रॅम किसलेलं चीज लागतं. इथे आल्गॉयचं बेर्गकेझे आणि एमेंटालर एकत्र करतात. तुमच्याकडे एमेंटल आणि मुरलेलं गौडा अर्धंअर्धं चालेल. डब्यातलं प्रोसेस्ड चीज वापरू नका, त्याचा लगदा होतो. ओव्हनच्या भांड्यात गरम श्पेत्सलेचा थर, चीजचा थर असं करत जा, मिरपूड घाला, १६० अंशांवर दहा मिनिटं ठेवा आणि वर सगळा कांदा पसरा. सोबत व्हिनेगर-तेलाची हिरवी कोशिंबीर हवीच. तिच्याशिवाय तिसऱ्या घासाला जड वाटतं.

दुसरा पदार्थ मसुराचा. लिन्झन मिट श्पेत्सले हे श्वाबेनचं रोजचं जेवण आणि तुमच्यासाठी सगळ्यांत सोपं. इथल्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ पठारावर पूर्वी मसूर पिकायचा, पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शेती बंद पडली. लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल यांनी १९८५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. जुनी स्थानिक वाणं मात्र नाहीशी झाली होती. ती २००६ मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात सापडली आणि मूठभर दाण्यांपासून पुन्हा वाढवली गेली. आज ती आल्ब-लाइझा नावाने विकली जातात. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, कारण तो मसूर खरोखरच वेगळा लागतो: दाणा लहान, साल घट्ट, चव जराशी अक्रोडासारखी.

पुण्यात अख्खा मसूर वापरा. पाव किलो मसूर तासभर भिजवा. कांदा, गाजर आणि मिळाली तर सेलरी अगदी बारीक चिरून तेलात परता, मसूर, तमालपत्र आणि पाणी किंवा स्टॉक घालून उघड्या भांड्यात शिजवा. कुकर नको, दाणा अख्खा राहायला हवा. दुसरीकडे दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा खमंग तपकिरी होईपर्यंत भाजा, त्यात मसुराचं थोडं पाणी घालून गुठळ्या मोडा आणि ते मसुरात मिसळा. मीठ, मिरी, चिमूटभर साखर. दोन-तीन चमचे व्हिनेगर सगळ्यांत शेवटी, मसूर मऊ झाल्यावर. आधी घातलं तर आंबटपणामुळे साल कडक राहते आणि मग तासभर शिजवलं तरी दाणा मऊ होत नाही. इथे यासोबत सॉसेज देतात. तुम्ही चिकन सॉसेज द्या किंवा काहीच देऊ नका.

व्हिनेगरबद्दल सावध करते. इथून येताना कुणी एसिग-एसेन्झ नावाची बाटली आणली असेल तर ती पाचपट पातळ केल्याशिवाय जेवणात घालू नका. त्यात २५ टक्के आम्ल असतं. साध्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के असतं आणि माझी सगळी प्रमाणं त्याचीच आहेत.

बटाट्याचं सॅलड हा तिसरा पदार्थ, आणि इथे मी थोडी हट्टी आहे. उत्तर जर्मनीत त्यात मेयोनेझ घालतात. श्वाबेनमध्ये गरम स्टॉक घालतात आणि माझ्या मते तेच श्रेष्ठ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जर्मनीतल्या असंख्य घरांत हेच सॅलड आणि सॉसेज एवढंच जेवण असतं. यात बटाटा चिकट जातीचा लागतो, पिठूळ नाही. इथे पिशवीवरच लिहिलेलं असतं, मंडईत तसं कळत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती: एका वाटी मिठाला अकरा वाट्या पाणी या मापाचं द्रावण करा आणि कच्चा बटाटा त्यात टाका. पिठूळ बुडतो, चिकट तरंगतो. पुरीभाजीला बुडणारा, सॅलडला तरंगणारा. साधारणपणे नवा, पातळ सालीचा बटाटा चालतो.

एक किलो बटाटे सालासकट उकडा आणि चटके बसत असतानाच सोला. थंड झालेला बटाटा स्टॉक पीत नाही. नाण्याएवढ्या जाडीच्या चकत्या करा. पाव लिटर कडक स्टॉकमध्ये बारीक चिरलेला कांदा, चार चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी आणि चिमूटभर साखर घालून एक उकळी आणा आणि ते गरम चकत्यांवर ओता. मोहरीची पेस्ट इथल्यासारखी सौम्य नसेल तर निम्मीच घाला. हलक्या हाताने कालवा. सुरुवातीला पाण्यात पोहतंय असं वाटेल, घाबरू नका. अर्ध्या तासात बटाटा बहुतेक सगळा स्टॉक ओढून घेतो आणि सुटलेल्या स्टार्चमुळे उरलेला दाट होतो. चार चमचे तेल त्यानंतरच. आधी घातलं तर चकत्यांवर थर बसतो आणि स्टॉक आत जात नाही. सॅलड कालवताना ओलसर, जरासा चपचपीत आवाज यायला हवा. तो आला नाही तर आणखी स्टॉक घाला. फ्रिजमधलं गार देऊ नका, कोमट द्या.

सोबत चिकन श्निट्झेल करता येईल. चिकनचे तुकडे लाटण्याने ठोकून पातळ करा, मैदा, अंडं आणि कोरडा पावाचा चुरा या क्रमाने लावा, चुरा दाबून बसवू नका, आणि तुकडा तरंगेल इतक्या तेलात तळा. वर लिंबू पिळा. झाउअरब्राटनच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो मोठा मांसाचा तुकडा दिवसेंदिवस व्हिनेगरमध्ये मुरवून करतात आणि चिकन त्यात टिकत नाही.

झाउअरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, घरी घालायचं असेल तर हवामान बघा. इथे ते १८-२० अंशांत चार ते सहा आठवडे आंबतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिलमध्ये घातलं तर झपाट्याने आंबट होतं आणि कोबी मऊ पडतो. एक किलो चिरलेल्या कोबीला वीस ग्रॅम मीठ, वजन करूनच घ्या. चोळून चोळून पाणी सुटेपर्यंत मळा, काचेच्या बरणीत मुठीने दाबून भरा आणि वर वजन ठेवा. कोबी कायम त्याच्या पाण्याखाली राहिला पाहिजे. झाकण सैल ठेवा. थंडीत दहा-बारा दिवसांनी चव बघा, आवडेल तेव्हा फ्रिजमध्ये टाका. वर पांढरी सपाट साय आली तर काढून टाका. रंगीत, लोकरीसारखी बुरशी आली तर सगळं फेकून द्या.

शिजवताना लागतात क्युमेल आणि जुनिपरची फळं. क्युमेल म्हणजे आपलं जिरं नव्हे. शहाजिरं त्याच्या जवळचं आहे. जुनिपरची फळं काष्ठौषधीच्या दुकानात हपुषा किंवा हाऊबेर नावाने मिळतात, पाच-सहा पुरतात. कांदा परतून त्यात क्राउट, एक किसलेलं सफरचंद, हे मसाले आणि थोडं पाणी घालून अर्धा-पाऊण तास शिजवा. जांभळ्या कोबीचं रोटकोलही जवळपास असंच: कांदा, दोन सफरचंदं, लवंगा, तमालपत्र, साखर. फक्त तिथे व्हिनेगर सुरुवातीलाच घालायचं, नाहीतर कोबी निळसर पडतो. रोटकोल दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं.

शिळ्या पावाचे झेमेलक्न्योडेल पुण्यात करून पाहाच. दोन दिवसांच्या लादीपावाचे अडीचशे ग्रॅम तुकडे, दोनशे मिलिलिटर गरम दूध (लादीपाव मऊ असतो, म्हणून दूध कमी), दोन अंडी, परतलेला कांदा, पार्सली, जायफळ. अर्धा तास मुरू द्या आणि ओल्या हातांनी लाडूएवढे गोळे वळा. पाणी नुसतं थरथरत असावं. खळखळ उकळलं की गोळे फुटतात. आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर पावाचा चुरा वाढवा. वीस मिनिटांत होतात. मश्रूमच्या क्रीमच्या रश्शासोबत द्या. पार्सली नसली तर काहीच घालू नका, कोथिंबीर घातली की पदार्थ दुसरीकडेच जातो.

तुम्ही विचारलं नाही, तरी फ्रांकफुर्टच्या हिरव्या सॉसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्र्युने झोसेमध्ये ठरलेले सात पाले असतात, बिनशिजवलेले, बारीक चिरून आंबट सायीत कालवलेले. उकडलेली अंडी आणि बटाट्यांसोबत खातात. सातपैकी दोन पाले आपल्याला कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे दुसऱ्याच वेशात भेटतात. त्यातला क्रेसे म्हणजे चक्क हळीव, ज्याच्या बियांचे आपण बाळंतिणीला लाडू देतो. ओल्या कापसावर हळीव पसरून खिडकीत ठेवा, आठवड्याभरात कातरण्याजोगा पाला येतो. इथे तो असाच छोट्या ट्रेमध्ये विकतात. दुसरा पाला चुक्याचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे चुका घ्या, कच्चा आणि कोवळा. पार्सली आणि चाइव्ह्ज मोठ्या भाजीवाल्यांकडे मिळतात. उरलेले तीन मिळणार नाहीत, त्यांच्या जागी शेपू-पुदिना घालू नका. चार पाले मिळून दोन मोठ्या मुठी, एक वाटी ताजा चक्का, अर्धी वाटी फेटलेली साय, दोन चिरलेली उकडलेली अंडी, मीठ, मिरी, चिमूटभर साखर. चुक्याचा आंबटपणा असतो, म्हणून लिंबू चव घेऊनच. फ्रांकफुर्टवाले याला त्यांचं सॉस म्हणणार नाहीत, सात पाल्यांचं ते नाव संरक्षित आहे. पण खाणाऱ्याला ते कुठून आलंय हे पहिल्या घासात कळेल.

त्याच चक्क्याचा केझेकूखन, म्हणजे जर्मन चीजकेकही होतो. इथल्या क्वार्क या मऊ ताज्या चीजच्या जागी चक्का उत्तम बसतो, फक्त रात्रभर टांगू नका, चार-पाच तास पुरे, आणि दही आंबट नको. पाऊण किलो चक्का, दीडशे ग्रॅम साखर, चार अंडी, चाळीस ग्रॅम व्हॅनिला कस्टर्ड पावडर, शंभर ग्रॅम वितळलेलं लोणी. बिस्किटासारख्या कणकेच्या आवरणात भरून १७० अंशांवर तासभर. अर्ध्या तासाने बाहेर काढून कडेने सुरी फिरवा आणि पुन्हा आत ठेवा, म्हणजे वर फुगताना भेगा पडत नाहीत. ओव्हन बंद केल्यावर दार किलकिलं ठेवून आतच निवू द्या.

आता ब्रेत्सेल. होतात, पण ते शेवटी शिका. त्यांचा तपकिरी रंग आणि ती विशिष्ट चव अल्कलीच्या द्रावणातून येते. बेकरीत कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण वापरतात, ते लहान मुलांच्या घरात आणू नका. त्याऐवजी खाण्याचा सोडा ताटलीत पसरून १२० अंशांवर तासभर भाजा, तो जास्त तीव्र होतो. भाजलेला सोडा हाताला झोंबतो, तेव्हा चमच्याने घ्या. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम घाला. वळलेले ब्रेत्सेल आधी फ्रिजमध्ये तासभर कडक करा, मग झाऱ्याने अर्धा मिनिट द्रावणात बुडवून काढा. श्वाबेनच्या ब्रेत्सेलचे हात बारीक आणि पोट जाड असतं. त्या पोटावर धारदार सुरीने आडवी चीर द्या, खडेमीठ पेरा आणि २२० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा. भांडी स्टीलची घ्या आणि ट्रेवर बेकिंग पेपर घाला. हे द्रावण ॲल्युमिनियमला खातं.